जेम्स पॅरिस ली

जेम्स पॅरिस ली (९ ऑगस्ट १८३१ – २४ फेब्रुवारी १९०४) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, कॅनडात वाढलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले शस्त्रसंशोधक होते. व्यवसायाने ते मूळचे घड्याळजी होते. रायफलीच्या खाली बसणारे पेटीवजा मॅगझीन आणि जलद चालणारी बोल्टची रचना ही त्यांची प्रमुख देणगी मानली जाते. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याने १८८८ पासून स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड आणि १८९५ पासूनच्या ली-एनफिल्ड या रायफलींच्या नावातील पहिला शब्द त्यांच्या आडनावावरून आला आहे. भारतात ही रायफल 'थ्री नॉट थ्री' (.३०३) या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र पोलीस दलात ती एकविसाव्या शतकातही वापरात होती.

पार्श्वभूमी

ली यांचा जन्म झाला तेव्हा जगातील बहुतेक सैनिक ठासणीची बंदूक वापरत. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून ती गजाने ठासावी लागे. सैनिकाला त्यासाठी उभे राहावे लागे आणि मिनिटाला दोन-तीन फैरी झाडल्या तरी ते कसब समजले जाई. नळीच्या मागच्या बाजूने काडतूस भरता आले, तर सैनिकाला झोपूनही बंदूक भरता येईल, हे सर्वांना कळत होते. अडचण होती ती मागचे तोंड घट्ट बंद करण्याची आणि काडतूस पेटवण्याची.

या दोन्ही अडचणींवरचे एक उत्तर प्रशियातील योहान निकोलाउस फॉन ड्रायझे यांनी शोधले. त्यांची सुईची बंदूक १८४१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने स्वीकारली. दाराच्या अडसराप्रमाणे मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि त्याच्या पोटात असलेली लांब सुई अशी तिची रचना होती. खटका ओढला की सुई कागदी काडतुसात घुसून आतील स्फोटक टोपीवर आदळत असे. मात्र प्रत्येक बाराच्या वेळी सुईचे टोक जळत्या दारूतच राहत असल्याने ती गंजे आणि मोडे, त्यामुळे सैनिकांना जादा सुया जवळ बाळगाव्या लागत. पुढे धातूच्या कवचाची काडतुसे आली आणि टोपी काडतुसाच्या बुडाशी गेली. सुईची जागा आखूड व मजबूत फायरिंग पिनने घेतली. तरी बोल्टच्या पोटातील हा भाग झिजतो, तुटतो आणि बदलावा लागतो ही बाब कायम राहिली. ली यांचे बहुतेक काम या संक्रमणाच्या काळातील आहे.

बालपण आणि घड्याळजीचा व्यवसाय

ली यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील हॉइक या गावी झाला. ते सुमारे पाच वर्षांचे असताना, १८३६ मध्ये, त्यांचे कुटुंब कॅनडातील गॉल्ट या वसाहतीत स्थायिक झाले. हे गाव आज ऑन्टारियो प्रांतातील केंब्रिज शहराचा भाग आहे. त्यांचे वडील जॉर्ज ली हे घड्याळजी होते. वयाच्या बाराव्या वर्षी जेम्स यांनी वडिलांकडील एका जुन्या पिस्तुलाची नळी घेऊन, तिला लाकडाचा दस्ता कोरून आपली पहिली बंदूक तयार केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

तरुणपणी त्यांनी घड्याळे व दागिने दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले आणि ऑन्टारियोतीलच चॅटहॅम येथे स्वतःचे दुकान थाटले. तेथे त्यांचा विवाह कॅरोलाइन क्रिसलर यांच्याशी झाला. या दांपत्याला विल्यम आणि जॉर्ज असे दोन मुलगे झाले. घड्याळजीच्या कामात लहान स्प्रिंगा, बारीक पेच आणि केसाएवढ्या अंतराचे मोजमाप यांच्याशी नित्य संबंध येतो. सुटा भाग कानशीने घासून नेमका बसवणे हे त्या व्यवसायाचे मुख्य कौशल्य आहे, आणि बोल्ट रायफलीच्या घडणीत त्याचीच गरज पडते.

विस्कॉन्सिनमधील वास्तव्य आणि मिलवॉकीचा करार

१८५०च्या दशकाच्या अखेरीस ली कुटुंबासह अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील स्टीव्हन्स पॉइंट येथे गेले. १८६१ मध्ये अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. सरकारी कोठारांमध्ये लाखो ठासणीच्या बंदुका होत्या आणि त्या मागून भरता येतील अशा करून देणाऱ्यास मोठे काम मिळण्याची शक्यता होती. ली यांनी स्प्रिंगफिल्ड बंदुकीसाठी अशी एक रचना तयार केली आणि १८६२ मध्ये तिचे पेटंट घेतले.

युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात सैन्याने त्यांना १,००० कार्बाइन पुरवण्याचा करार दिला. त्यासाठी मिलवॉकी येथे कंपनी उभी राहिली आणि नळ्या रेमिंग्टन कारखान्याकडून घेण्यात आल्या. परंतु नळीचा व्यास नेमका किती असावा यावरून सैन्य आणि कंपनी यांच्यात वाद निर्माण झाला. तयार शस्त्रे करारानुसार नाहीत असे ठरवून सैन्याने ती नाकारली. तोवर युद्धही संपले होते आणि मागणी ओसरली होती. कंपनीने काही शस्त्रे नागरी बाजारात विकली, पण ती फार काळ टिकली नाही. इंचाच्या शंभराव्या भागातील फरकाने एक कारखाना बुडाला. मापाच्या काटेकोरपणाची किंमत ली यांना या प्रकरणात चुकवावी लागली.

पूर्वेकडील काळ

१८७०च्या दशकात ली अमेरिकेच्या पूर्व भागात आले. न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील रेमिंग्टन आणि कनेक्टिकट राज्यातील शस्त्रनिर्मितीची केंद्रे हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. या काळात त्यांनी उभ्या दिशेने सरकणाऱ्या ठोकळ्याने बंद होणारी एकबारी रायफल तयार केली. तिच्या निर्मितीसाठी अमेरिकी संसदेने १०,००० डॉलर मंजूर केले आणि स्प्रिंगफिल्ड येथील सरकारी कारखान्यात १८७५ मध्ये सुमारे १४३ नग तयार झाले. परंतु सैन्याने आधीच स्वीकारलेली रायफल सोडून ही घेण्याइतका फायदा अधिकाऱ्यांना दिसला नाही. ली यांचा दुसरा मोठा प्रयत्नही येथेच थांबला. तोवर त्यांच्या वयाची चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

पेटीवजा मॅगझीन

त्या काळी अनेक काडतुसे साठवणाऱ्या रायफलींमध्ये ती नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक ठेवत. या पद्धतीत पुढच्या काडतुसाच्या टोपीला मागच्या गोळीचे टोक टेकून राहते. टोकदार गोळी आणि काडतुसाच्या मधोमध बसवलेली टोपी असेल, तर धक्क्याने नळकांड्यातच स्फोट होण्याचा धोका असतो. शिवाय काडतुसे संपत जातात तसा शस्त्राचा तोल बदलतो आणि नळकांडे पुन्हा भरण्यास वेळ लागतो.

ली यांनी काडतुसे एकावर एक रचली. बोल्टच्या बरोबर खाली पत्र्याची लहान पेटी आणि तिच्या तळाशी वर ढकलणारी स्प्रिंग अशी ही रचना होती. बोल्ट मागे ओढला की वरचे काडतूस उंचावते आणि बोल्ट पुढे ढकलला की ते चेंबरमध्ये जाते. पेटी काढून दुसरी भरलेली पेटी लावता येत असे. या रचनेचे अमेरिकी पेटंट त्यांना ४ नोव्हेंबर १८७९ रोजी मिळाले. आज पिस्तुलांपासून स्वयंचलित रायफलींपर्यंत सर्वत्र दिसणाऱ्या काढत्या-घालत्या मॅगझीनचा उगम सामान्यतः या पेटंटपाशी मानला जातो.

या रायफलीचे उत्पादन प्रथम ब्रिजपोर्ट येथील शार्प्स कंपनीकडे होते. अमेरिकी नौदलाने थोडी मागणीही नोंदवली. मात्र शार्प्स कंपनी लवकरच बंद पडली आणि काम रेमिंग्टनकडे गेले. रेमिंग्टन-ली या नावाने तिच्या सुधारित आवृत्त्या १८८०च्या दशकात विकल्या गेल्या. अमेरिकी भूदलाने चाचण्या घेतल्या, पण तिला आपली मुख्य रायफल म्हणून स्वीकारले नाही.

ब्रिटिश सैन्याकडून स्वीकार

ब्रिटिश सैन्य १८७१ पासून मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल वापरत होते. १८८०च्या दशकात युरोपातील इतर राष्ट्रे मॅगझीन असलेल्या रायफलींकडे वळू लागली, तेव्हा ब्रिटनमध्येही दीर्घकाळ चाचण्या चालल्या. त्यांत ली यांची बोल्ट व मॅगझीनची रचना सरस ठरली. विल्यम एलिस मेटफर्ड यांनी आखलेले नळीतील उथळ, गोलसर आटे आणि .३०३ इंच व्यासाचे काडतूस यांच्याशी तिची सांगड घालून डिसेंबर १८८८ मध्ये नवी रायफल मान्य झाली. पुढे ती ली-मेटफर्ड या नावाने ओळखली गेली. सुरुवातीस मॅगझीनमध्ये ८ काडतुसे मावत, नंतर ही संख्या १० झाली.

काही वर्षांत काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही धूररहित दारू आली. तिच्या जास्त उष्णतेने मेटफर्ड यांचे उथळ आटे लवकर झिजू लागले. लंडनजवळील एनफिल्ड येथील सरकारी कारखान्यात खोल आट्यांची पाच चरांची नळी तयार करण्यात आली. तिच्यासह ही रायफल १८९५ मध्ये ली-एनफिल्ड या नावाने स्वीकारली गेली. नळी बदलली आणि मेटफर्ड यांचे नाव गेले. ली यांची बोल्ट व मॅगझीनची रचना मात्र कायम राहिली. १९०७ मध्ये आलेली आखूड नळीची मार्क ३ आवृत्ती पहिल्या महायुद्धात प्रमुख शस्त्र ठरली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या जोडीला नंबर ४ ही आवृत्ती आली.

१८५७च्या उठावाच्या संदर्भात इतिहासात येणारी एनफिल्ड रायफल आणि ली-एनफिल्ड या दोन वेगळ्या बंदुका आहेत. १८५७ची एनफिल्ड ठासणीची होती आणि तिच्या कागदी काडतुसाचे टोक दाताने तोडावे लागे. दोहोंच्या नावातील समानता केवळ कारखान्याच्या गावामुळे आहे. ली यांचा १८५७च्या बंदुकीशी संबंध नाही.

बोल्टची रचना

ली यांच्या बोल्टमध्ये अडसराचे कान बोल्टच्या मागच्या भागात असतात. जर्मन माउझर रायफलीत ते पुढे, चेंबरजवळ असतात. माउझरची पद्धत अधिक बळकट समजली जाते; ली यांच्या पद्धतीत बोल्टचा प्रवास कमी असतो आणि मूठ हाताच्या जवळ राहते. ली-एनफिल्डमध्ये फायरिंग पिनची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना दाबली जाते, त्यामुळे बोल्ट उघडताना जोर लागत नाही. या गुणांमुळे ही रायफल बोल्ट रायफलींमध्ये अतिशय जलद मानली गेली. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश पायदळाच्या सैनिकाकडून एका मिनिटात ३०० यार्डांवरील लक्ष्यावर १५ नेमके बार काढण्याची अपेक्षा असे.

या बोल्टचे टोक, म्हणजे बोल्ट-हेड, स्वतंत्र असून आट्यांनी बसवलेले असते. त्याच्या मधल्या छिद्रातून फायरिंग पिनचे टोक बाहेर येते. ब्रिटिश परिभाषेत या पिनला स्ट्रायकर म्हणतात. तिच्याभोवती मुख्य स्प्रिंग गुंडाळलेली असते आणि मागच्या टोकाचे आटे कॉकिंग-पीस या भागात घट्ट बसतात. मार्क ३ आवृत्तीत एक लहान पेच पिनच्या मागच्या खाचेत अडकतो, त्यामुळे पिन आपोआप फिरत नाही. खटका ओढताच कॉकिंग-पीस सुटतो, स्प्रिंग पिनला पुढे फेकते आणि तिचे गोलसर टोक काडतुसाच्या टोपीवर आदळते.

फायरिंग पिन बदलताना घेतली जाणारी काळजी

ली-एनफिल्डच्या दुरुस्तीत फायरिंग पिनची निवड हा नाजूक भाग मानला जातो. पिनचे टोक बोल्ट-हेडबाहेर साधारण १ मिलिमीटर यावे असे मानक आहे. ते कमी आले तर टोपीवर पुरेसा आघात होत नाही आणि काडतूस फुसके जाते. जास्त आले किंवा टोक अणकुचीदार झाले, तर टोपीला भोक पडून तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणून टोक अर्धगोल आणि गुळगुळीत असणे आवश्यक असते. पिन वाकलेली असल्यास ती छिद्राच्या कडेला घासते आणि आघात मंदावतो. फुसक्या काडतुसांचे कारण पुष्कळदा पिन नसून थकलेली स्प्रिंग किंवा बोल्टमध्ये साचलेले घट्ट वंगण असते. त्यामुळे पिन बदलण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी तपासण्याची पद्धत आहे.

रायफलीची नेमकी आवृत्ती ओळखणे हा पहिला टप्पा असतो. मार्क ३ आणि नंबर ४ या रायफली दिसण्यात जवळच्या असल्या तरी त्यांच्या बोल्टचे भाग परस्परांत बदलण्यासाठी बनवलेले नाहीत. ७.६२ मिमी काडतुसासाठी केलेल्या भारतीय आवृत्तीत काडतुसाला कडा नसल्यामुळे रिकामे काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरही वेगळा असतो. बोल्टच्या मुठीवर रायफलीचाच क्रमांक कोरलेला असतो, कारण बोल्टचे कान त्या विशिष्ट रायफलीत दोन्ही बाजूंनी सारखे टेकतील असे घासून बसवलेले असतात. फायरिंग पिन, स्प्रिंग आणि कॉकिंग-पीस हे भाग बदलण्याजोगे आहेत. दुसऱ्या रायफलीचा पूर्ण बोल्ट बसवणे मात्र धोकादायक समजले जाते.

बोल्ट-हेड बदलल्यास पिन बाहेर येण्याचे माप आणि बोल्ट व नळी यांतील अंतर अशा दोन्ही गोष्टी पुन्हा मोजाव्या लागतात. .३०३ काडतुसाच्या कडेसाठी हे अंतर साधारण १.६३ ते १.८८ मिलिमीटर असावे लागते. नंबर ४ रायफलीसाठी ० ते ३ अशा क्रमांकांची किंचित कमीजास्त लांबीची बोल्ट-हेड तयार केली गेली, ती याच कारणासाठी. स्वतंत्र बोल्ट-हेडमुळे झिजलेली रायफल मोडीत न काढता एक लहान भाग बदलून पुन्हा वापरात आणता येते. लाखो रायफली शतकभर टिकल्या, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

अखेरची वर्षे

ब्रिटनमध्ये यश मिळाल्यानंतरही ली यांचे संशोधन थांबले नाही. त्यांनी मूठ वर न उचलता सरळ मागे ओढता येईल असा बोल्ट तयार केला. ६ मिलिमीटर व्यासाची ही रायफल अमेरिकी नौदलाने १८९५ मध्ये स्वीकारली आणि तिचे उत्पादन विन्चेस्टर कंपनीने केले. १८९८च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी मरीन सैनिकांनी ती क्यूबातील ग्वांतानामो येथे वापरली. तिची गोळी वेगवान होती, परंतु एक्स्ट्रॅक्टर आणि बोल्टला अडकवणारे बारीक भाग मोडत असल्याच्या तक्रारी आल्या. भूदल आणि नौदल यांचे काडतूस एकच असावे असा विचार पुढे आला आणि ही रायफल काही वर्षांतच मागे पडली.

जेम्स पॅरिस ली यांचे २४ फेब्रुवारी १९०४ रोजी कनेक्टिकट राज्यातील शॉर्ट बीच येथे निधन झाले. त्यांचे नाव धारण करणारी रायफल दोन महायुद्धांत लढणार होती, ते पाहण्यास ते हयात नव्हते. ज्या देशाचे नागरिकत्व त्यांनी घेतले होते, त्याच्या भूदलाने त्यांची रचना मुख्य शस्त्र म्हणून कधीच स्वीकारली नाही. कॅनडातील वॉलेसबर्ग येथे त्यांच्या स्मरणार्थ फलक उभारण्यात आला आहे.

भारतातील ली-एनफिल्ड

१८५७ नंतर ब्रिटिश सरकारने भारतीय पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण ठेवले होते. त्यामुळे ब्रिटिश सैनिकांच्या हाती मॅगझीनची रायफल आल्यावरही भारतीय पायदळ काही वर्षे मार्टिनी-हेन्रीच वापरत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय पलटणींनाही ली यांची रायफल मिळाली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींचे प्रमुख शस्त्र .३०३ हेच होते. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनला कुत-अल-अमाराच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका आणि इटलीतील आघाड्यांवरही भारतीय पायदळाकडे ली-एनफिल्ड होती.

ली यांच्या निधनाच्याच वर्षी, १९०४ मध्ये, कोलकात्याजवळ इशापूर येथे रायफल कारखाना सुरू झाला आणि काही वर्षांत तेथे ली-एनफिल्ड तयार होऊ लागली. तिची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत. हा कारखाना १८६९ पासून चालू आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर इशापूर येथे मार्क ३ ची रचना ७.६२ मिमी काडतुसासाठी बदलण्यात आली. ही रायफल २ए आणि २ए१ या नावांनी ओळखली जाते. ब्रिटनने ली-एनफिल्डचे उत्पादन थांबवल्यानंतरही भारतात तिच्यावर आधारित नवी रायफल तयार होत होती.

.३०३ हा व्यास भारतात नागरिकांसाठी निषिद्ध आहे. त्यामुळे परवानाधारकांसाठी ली यांच्या बोल्टवर आधारित, परंतु .३१५ व्यासाचे वेगळे काडतूस वापरणारी रायफल सरकारी कारखान्यांनी बनवली.

बीड जिल्हा आणि मराठवाडा

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत संस्थानाने शरणागती पत्करली. त्या काळी भारतीय पायदळाची सर्वसाधारण रायफल ली-एनफिल्ड होती. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अखेरच्या पर्वात गावोगावी दिसलेल्या जवानांच्या खांद्यावरील बंदूक ती हीच.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी बीड महाराष्ट्राचा जिल्हा झाला. राज्याच्या इतर जिल्ह्यांप्रमाणे येथील पोलिसांनाही .३०३ रायफलीची सवय होती. खजिना, तुरुंग, निवडणुकीची मतपेटी आणि ऊसतोडीच्या हंगामात ओस पडणाऱ्या गावांची गस्त अशा कामांतील पहारेकऱ्याच्या हाती ही लाकडी दस्त्याची बंदूक दिसत असे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनीही तिच्यावर कवायत आणि नेमबाजी शिकली.

पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातील आर्मररचे काम रायफल साफ ठेवणे, मापे तपासणे आणि झिजलेले भाग बदलणे हे असते. मूळ उत्पादन बंद झालेल्या शस्त्राच्या बाबतीत नव्या सुट्या भागांऐवजी मोडीत काढलेल्या रायफलींचे भाग वापरावे लागतात. ते निरनिराळ्या कारखान्यांचे आणि निरनिराळ्या प्रमाणात झिजलेले असल्याने वर सांगितलेली मोजमापे पुन्हा करणे अपरिहार्य ठरते.

खासगी व्यक्तीच्या बाबतीत हा विषय कायद्याने बांधलेला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्र या संज्ञेत त्याचे भागही येतात आणि बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायासाठी परवाना लागतो. त्यामुळे परवानाधारक शेतकऱ्यालाही आपल्या बंदुकीची पिन गावातील लेथवर करून घेता येत नाही. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच जावे लागते. पिकांच्या राखणीसाठी कायद्याने ठासणीच्या बंदुकीचा वेगळा विचार केला आहे. त्या बंदुकीत काडतूस नसते आणि बोल्टही नसतो, म्हणजे ली यांच्या जन्मकाळचे तंत्रज्ञान या कायद्यात आजही जागा धरून आहे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात स्वयंचलित रायफली घेतलेल्या हल्लेखोरांसमोर पोलिसांकडे .३०३ रायफली होत्या. प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारे शस्त्र अशा प्रसंगी अपुरे पडते, हे त्या रात्री दिसून आले. त्यानंतर राज्य पोलीस दलाच्या आधुनिकीकरणाला वेग आला आणि .३०३ रायफल हळूहळू मागे पडली.

मूल्यमापन

ली यांच्या कारकिर्दीतील पहिली तीन दशके अपयशाची होती. मिलवॉकीतील करार नळीच्या मापावरून फिसकटला, १८७५ची रायफल १४३ नगांवर थांबली आणि १८७९ची रायफल बनवणारा पहिला कारखाना बंद पडला. यश मिळाले ते दुसऱ्या देशात आणि इतरांच्या नावांशी जोडले जाऊन. ली-एनफिल्डच्या सर्व आवृत्त्यांचे एकूण उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख असल्याचा अंदाज व्यक्त केला जातो. पीटर पॉल माउझर यांच्या रचनेबरोबरच ली यांची रचना बोल्ट रायफलींच्या दोन प्रमुख घराण्यांपैकी एक मानली जाते.

या रायफलीचा उपयोग साम्राज्य टिकवण्यासाठी झाला आणि जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी निःशस्त्र जमावावर झालेल्या गोळीबारातही .३०३ रायफलीच वापरल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर तीच रायफल भारतीय प्रजासत्ताकाच्या सैन्याने आणि पोलिसांनी वापरली. ली यांचे नाव मात्र बहुतेकांना ठाऊक नाही. महाराष्ट्रात ही बंदूक तिच्या संशोधकाच्या नावाने न ओळखता नळीच्या व्यासाच्या आकड्यानेच ओळखली जाते.